माईक एकदा गल्लीत आणा: सीमाभागातल्या व्याख्यानमाला आणि संमेलनवाल्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जी माणसं वाचनालय चालवतात, व्याख्यानमाला घेतात, पदरमोड करून गावाचं साहित्य संमेलन उभं करतात त्या सगळ्यांना हे पत्र लिहितेय. कुणा एका गावाला किंवा मंडळाला उद्देशून नाही, त्यामुळं मनाला लावून घेऊ नका, पण वाचून बाजूलाही टाकू नका एवढी विनंती.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात झेरॉक्सचं दुकान चालवते. झेरॉक्स नावालाच, खरं काम अर्ज भरायचं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार तीन महिने जमा झाले नाहीत, विधवा पेन्शन बंद पडली, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही, उताऱ्यावर अजून आजोबाचंच नाव आहे, उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या कामावर हजेरी एक आणि पैसे दुसरेच, अशी माणसं सकाळी मी शटर वर करायच्या आधी पायरीवर येऊन बसलेली असतात. अर्ज कन्नडमध्ये, माणूस मराठी, आणि मधे मी. शाळेत कन्नड शिकले म्हणून निभावतंय. चौदा वर्षं हेच करतेय, म्हणून हक्क या विषयावर चार शब्द बोलायचा माझा अधिकार आहे असं मला वाटतं.

आधी हे सांगते की मी तुमच्याच कार्यक्रमांवर वाढलेली आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, तिकडं खानापुरात माचीगड, थंडी पडली की एकेका गावात संमेलनाचा मंडप पडतो आणि आमच्यासारख्या पोरींना तेवढंच काय ते बाहेरचं जग बघायला मिळायचं. ग्रंथदिंडीत डोक्यावर कळशी घेऊन मी चाललेय, लेझीम खेळलेय, पुस्तकांच्या स्टॉलवर दिवसभर उभी राहून संध्याकाळी एक पुस्तक फुकट मिळालं तर ते उशाशी घेऊन झोपलेय. शहरात सार्वजनिक वाचनालयाची बॅरिस्टर नाथ पैंच्या नावाची व्याख्यानमाला असते तिथं कॉलेजात असताना शेवटची बस चुकेल या भीतीनं दाराजवळच्या खुर्चीत बसून भाषणं ऐकलीत. नाथ पै १७ जानेवारी १९७१ ला सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाच्या सभेत बेळगावात बोलले आणि दुसऱ्या दिवशी इथंच गेले, ही गोष्ट मला वडिलांनी सांगितली आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. आपल्याकडं भाषण ही अशी जिवावरची गोष्ट आहे, टाइमपास नाही.

आणि तुमची धडपड मी जवळून बघते. परवानगीचा कागद घेऊन पोलीस स्टेशनच्या फेऱ्या, अमुक बोलू नका तमुक घोषणा देऊ नका अशा अटी, महाराष्ट्रातून पाहुणा येणार असेल तर कोगनोळीच्या नाक्यावर अडवतात की काय ही धाकधूक, वर्गणीसाठी दारोदार जाणं. इतकं सोसून तुम्ही मराठीचा एक दिवा लावून ठेवलाय. त्यामुळं जे लिहितेय ते घरातल्या माणसानं घरात बोलावं तसं समजा.

तर मागच्या १० डिसेंबरची गोष्ट. मानवी हक्क दिन म्हणून आमच्या भागातल्या एका गावात व्याख्यान होतं. दुपारी चारला, देवळाच्या सभागृहात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल श्रीफळ, मग देणगीदारांचा सत्कार, मग निवृत्त गुरुजींचा सत्कार, मग भाषण. वक्ते चांगले होते, अभ्यासू होते, १९४८ चा जाहीरनामा, संविधानाचा सरनामा, कलम २१ सगळं सांगितलं त्यांनी. समोर साठ-सत्तर माणसं, त्यातली बहुतेक पेन्शनीतली, पहिल्या रांगेत पंचमंडळी, आणि मागं शाळेनं आणून बसवलेली आठवी-नववीची पोरं. बायका म्हणाल तर आरती घेऊन उभ्या असलेल्या पाचजणी आणि मी.

सुगीचे दिवस. मळणी चाललेली. साडेपाचच्या सुमाराला बायका शेताकडनं परतायला लागल्या. सभागृहाबाहेर कर्णा लावला होता त्याच्या खांबाजवळ आमच्या ओळखीची एक मावशी थांबली, डोक्यावर गवताचा भारा तसाच, एका हातानं भारा धरलेला आणि दुसऱ्या हातात विळा. दहा-बारा मिनिटं ती तशीच उभी होती, मी खिडकीतनं बघत होते. भारा काही हलका नसतो, ज्यांनी उचललाय त्यांना माहीत आहे. मी बाहेर आले तर मला म्हणाली, "बाई, त्ये हक्क हक्क म्हणायलेत न्हवं, त्यो हक्क फायनान्सवाल्यास्नी बी लागू हाय काय गं? रातचं आठाला येऊन दारात बसतंय त्ये पोरगं, उठतच न्हाय."

मी म्हटलं आत चल मावशी, विचार की सरांना. तिनं आतल्या खुर्च्या बघितल्या, आपल्या पायाचा चिखल बघितला आणि म्हणाली, "आमी कशाला त्यात," आणि गेली. मी आत जाऊन चिठ्ठी पाठवली वर. तोवर आभार सुरू झाले होते. मग वंदे मातरम.

त्या दिवशी त्या सभागृहात जितकं काही बोललं गेलं त्यातला सगळ्यात खरा प्रश्न कर्ण्याच्या खांबाजवळ विचारला गेला आणि तो आत पोचलाच नाही. हे मला रात्रभर टोचत राहिलं. वक्त्यांचा दोष नाही, त्यांना तर ती मावशी दिसलीसुद्धा नाही. वेळ आपण ठरवली होती, जागा आपण ठरवली होती.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. आपण सीमाभागातली माणसं. कळत नसलेल्या भाषेतला कागद हातात आला की पोटात कसा गोळा येतो ते आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? सत्तर वर्षं होत आली आपण हेच मांडतोय. कर्नाटकाच्या १९८१ च्या स्थानिक संस्थांच्या भाषा कायद्याचा दाखला देऊन परिपत्रकं मराठीतून द्या म्हणून निवेदनं देतोय, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतोय, मी पण दुकान बंद ठेवते त्या दिवशी. मग "व्यक्तीची अंगभूत प्रतिष्ठा" आणि "अहस्तांतरणीय अधिकार" असलं मराठी आपण माईकवरून बोलतो तेव्हा खांबाजवळच्या मावशीला ते तहसीलच्या कन्नड नोटिशीसारखंच वाटत असणार की नाही? तिची भाषा मराठीच आहे. आपण बोललो तीही मराठीच. तरी तिच्या हाती काही लागलं नाही.

हे असं पूर्वी नव्हतं हो. एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीत बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष. त्याच्या आधी मार्च १९२० मध्ये पलीकडं तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावात अशीच परिषद झाली, तिथं शाहू महाराज स्वतः आले. या सभांत ज्यांच्या पायाखाली काटा होता तीच माणसं समोर बसलेली होती, काट्याबद्दल ऐकायला आलेले पाहुणे नव्हते. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याची शंभरी केवढ्या थाटात झाली ते आपण बघितलं. निपाणीच्या परिषदेलाही २०२५ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली. ती आपल्यातल्या किती गावांनी आठवली, ज्यानं त्यानं आपापल्या गावापुरतं सांगावं.

निपाणीचं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगते. २०२३ चा मानवी हक्क दिन रविवारी होता. १० डिसेंबर. तीच रात्र उलटून ११ तारीख लागली आणि आमच्याच बेळगाव तालुक्यातल्या होस वंटमुरीत एका आईला घरातनं ओढून काढून विवस्त्र केलं आणि खांबाला बांधलं, कारण काय तर तिचा मुलगा एका मुलीबरोबर निघून गेला. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं तेव्हा. दुसऱ्या दिवशी हायकोर्टानं आपणहून दखल घेतली आणि कोर्टानं जे बोट ठेवलं ते बघ्यांवर, इतकी माणसं होती मग सगळी गप्प का राहिली. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्म निपाणीचा, त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे सहकारी. शंभर वर्षांपूर्वी निपाणीत जे पेरलं ते असं कुठून कुठं जाऊन उगवलं बघा. पण मला जे खातं ते वेगळंच आहे. त्या रविवारी जिल्ह्यात जिथं जिथं कार्यक्रम झाले असतील तिथं सगळीकडं हार घातले गेले असतील, सरनामा वाचला गेला असेल, आणि रात्री जे उभे राहून बघत होते त्यांच्यापर्यंत त्यातलं एक अक्षर गेलं नव्हतं. आपल्या गावात असं घडलं असतं तर आपल्या गल्लीतलं कोण पुढं झालं असतं? मी माझ्या गल्लीतली नावं मोजली. मोजून गप्प बसले.

म्हणून आम्ही एक छोटं काम केलं ते सांगते, मोठेपणा म्हणून नाही, होऊ शकतं हे कळावं म्हणून.

फेब्रुवारीत आमच्या अंगणात बैठक ठेवली. वेळ रात्री साडेआठ, म्हणजे भाकऱ्या झाल्या, पोरं जेवली, म्हशीचं दूध काढून डेअरीला घालून झालं. ताडपत्री, दोन घोंगडी, एक बल्ब. माईक नाही, खुर्च्या नाहीत, त्यामुळं कुणी पुढं कुणी मागं हा प्रश्नच नाही. तालुक्याच्या कायदा सेवा समितीकडं मी साधा अर्ज लिहिला होता, त्यांच्याकडून एक वकील बाई आल्या, तिशीच्या असतील. हे पण सांगून ठेवते, १९८७ च्या कायद्याप्रमाणं बाईला, मुलांना, एससी-एसटी माणसाला, औद्योगिक कामगाराला, अपंगाला मोफत वकील मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अटच नाही, आणि १५१०० हा नंबर देशभर चालतो. माझ्या दुकानात हा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय तर लोक लॉटरीचा आहे का विचारत होते सुरवातीला.

तीस-पस्तीस बायका आल्या. दलित वस्तीतल्या आल्या, ज्या देवळाच्या सभागृहातल्या कार्यक्रमाला कधी दिसत नाहीत. शेजारच्या गल्लीतल्या चार-पाच कन्नड बोलणाऱ्या आक्का पण आल्या, त्यांना कुणी बोलावलं ते मला अजून माहीत नाही.

वकील बाईंनी जाहीरनाम्यापासून सुरवात केली नाही. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, कर्जाचं कार्ड कुणाकुणाकडं आहे, जावा घेऊन या. पहिल्यांदा सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या, कारण कर्ज ही गोष्ट शेजारणीला सांगायची नसते. मग एक उठली. मग दुसरी. दहा मिनिटांत ताडपत्रीवर अकरा कार्डं पडली. एक पिठाच्या डब्यातलं, कडेला पीठ लागलेलं. एक देव्हाऱ्याखालचं, त्यावर हळदीची बोटं. भारा घेऊन उभी राहिलेली मावशी पण होती, तिचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबराच्या आत तिच्या गेलेल्या नवऱ्याचा पासपोर्ट फोटो. कार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची पण सगळ्यांवर एक गोष्ट सारखी होती, आत जे काही छापलं होतं ते इंग्रजीत. सही मात्र मराठीत, वाकड्यातिकड्या अक्षरात, किंवा अंगठा.

वकील बाई म्हणाल्या, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, असल्या छोट्या कर्जाचा कागद कर्जदाराला कळेल त्या भाषेत पाहिजे. व्याज किती ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून तगादा लावायचा नाही, शिवीगाळ धमकी नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. हप्ता ठरलेल्या जागी द्यायचा, सलग दोनदा किंवा जास्त वेळा आलाच नाहीत तरच घरी यायची मुभा. राज्यानं पण २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा केलाय, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, तो कुणाला लागू आणि बँकेचे नियम कुणाला लागू ते त्यांनी एकेक कार्ड हातात घेऊन सांगितलं. एक वाक्य मराठीत, तेच लगेच कन्नडमध्ये. कर्ज बुडवा असं कुणीही शिकवलं नाही हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर तसं बोललं गेलं. घेतलेलं फेडायचंय हे त्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्या उपाशी राहून हप्ता भरतात.

मंडळी, "कळेल त्या भाषेत" हे तीन शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षं आपण हेच तर मागतोय! आपण ते बोर्डासाठी मागितलं, शाळेसाठी, परिपत्रकासाठी मागितलं, सगळं बरोबर आहे, ते सोडायचं नाही. पण पिठाच्या डब्यातल्या त्या कार्डासाठी आपण कधी मागितलं नाही, कारण ते कार्ड आपल्या व्यासपीठावर कधी आलंच नाही. भाषेचा हक्क आणि पोटाचा हक्क ही दोन वेगळी व्याख्यानं नाहीत, आमच्या ताडपत्रीवर तो एकच कागद होता.

त्या रात्री शेवटी भजनी मंडळातल्या दोन आज्यांनी भारुडासारखं सोंग आणलं. एकीनं खांद्याला पिशवी लावली, कानाला चपटी डबी धरली आणि वसुलीवाला झाली, दुसरी चुलीपाशी बसली. आधी सगळ्या पोट धरून हसल्या. मग चुलीपाशी बसलेली आजी एकदम म्हणाली, "सायेब, उद्या या, आज लेकरू तापलंय," आणि हसू थांबलं, कारण हे वाक्य प्रत्येकीनं कधी ना कधी म्हटलेलं होतं. कुणी बोलेना. मग कन्नड आक्कांमधली एक उठली आणि तिनं आपल्या भाषेत सांगितलं की तिनं पण हेच म्हटलं होतं. मला तर वाटतं आमच्या गावात इतकं मोठं नाटक आजवर झालं नाही. साहित्य संमेलनात कायद्याचं शिबिर कशाला घुसवता असं जे म्हणतात त्यांनी ते बघायला पाहिजे होतं.

पुढच्या आठवड्यात रात्री आठला तो पोरगा आला तेव्हा मावशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, सहाच्या नंतर नको बाळा, बुधवारी देवळापाशी ये, हप्ता तयार असतोय. तो गेला. भांडण झालं नाही. तो पण कुणाचा तरी पोरगाच, टार्गेटखाली दबलेला.

आता दुसरी एक गोष्ट, जी लिहायला मला अवघड वाटतंय. दोन वर्षांमागं एका संमेलनात लोककलेच्या सत्रात एका जोगतिणीला बोलावलं होतं. चौंडकं वाजवून ती जे गायली, मंडप गार झाला अक्षरशः. टाळ्या, शाल, श्रीफळ, फोटो. पंधरा दिवसांनी ती माझ्या दुकानात आली. खांद्यावर तीच शाल. देवदासींचं मासाशन, म्हणजे महिन्याची पेन्शन, मिळत नाही म्हणून. सरकारनं १९९३-९४ ला आणि २००७-०८ ला सर्व्हे केले, त्या याद्यांत तिचं नाव नाही, कारण तेव्हा ती कामासाठी तिकडं महाराष्ट्रात होती. देवीला सोडायला बंदी घालणारा कायदा कर्नाटकानं १९८२ मध्येच केला होता, तिला त्याच्या नंतर सोडलंय. म्हणजे जे कायद्यानं व्हायलाच नको होतं ते तिच्याबाबतीत झालं, आणि झालं म्हणून जी मदत मिळायची ती पण नाही. आपण तिचा आवाज ऐकला. पण तिला माईकपुढं गाण्याशिवाय दुसरं काही बोलायला सांगितलं का? मी त्या संमेलनात स्टॉलवर होते, मला पण सुचलं नाही. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. चिकोडी तालुक्यातल्या सीतव्वा जोडट्टी स्वतः देवदासी म्हणून सोडलेल्या, त्यांनी हजारो बायकांना यातून बाहेर काढायचं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या किती संमेलनांत त्यांना उद्घाटनाला बोलावलं? कन्नड बोलतात म्हणून? मधे एक भाषांतर करणारी पोरगी बसवली की झालं, आमच्या भागात तर दोन्ही भाषा येणाऱ्या पोरी घरटी एक आहेत.

काही जण म्हणतील मराठीच्या मंचावर कन्नड आलं की आपल्याच चळवळीला धक्का बसतो. ही भीती मला कळते, खोटी म्हणत नाही, आपण खूप गमावलंय. पण आपलं भांडण सरकारशी आहे, बांधाला बांध लागलेल्या आक्काशी नाही. तिच्या डब्यात पण तेच इंग्रजी कार्ड आहे.

आणि खानापूरच्या मंडळींना वेगळं सांगायचंय. भीमगड अभयारण्याच्या जंगलात गवळी, आमगाव, कोंगळा, पास्टोली ही आपली मराठी बोलणारी गावं, पावसाळ्यात माणूस आजारी पडलं तर लाकडाची डोली करून चिखलातनं खांद्यावर रस्त्याला आणावं लागतं. आता त्यांच्यापुढं गाव सोडायचं की राहायचं हा प्रश्न टाकलाय. २००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो, ग्रामसभेचा अधिकार किती, हे त्यांना त्यांच्या घरात बसून कुणी समजावलं तर ते एक व्याख्यान शंभर व्याख्यानांच्या बरोबरीचं होईल. वाट लांब आहे, नेटवर्क नाही, मंडप घालता येणार नाही, बातमीचा फोटो पण चांगला येणार नाही. तरी जाऊया. मी येते बरोबर, अर्जांचे कागद घेऊन.

मला मोठं काही मागायचं नाही. संमेलन तसंच राहू दे, ग्रंथदिंडी राहू दे, कविसंमेलन राहू दे, पोरींच्या डोक्यावर कळशी राहू दे. पण वर्षातला एखादा कार्यक्रम, निदान हक्कांवरचा, रात्री आठनंतर गल्लीत घ्या. एक वर्ष आमच्या, एक वर्ष खालच्या वस्तीत, एक वर्ष ऊसतोडीची टोळी उतरलीय त्या फडाजवळ, त्यांची तर पोरं शाळेविना हिंडत असतात आणि गावाला ती दिसत पण नाहीत. प्रश्न आधी घ्या, भाषण नंतर, म्हणजे वक्त्यालाही कळेल कुठून सुरू करायचं. सत्काराला वेळ कमी पडला तर पडू दे, जी मंडळी खरंच मोठी आहेत ती रागावणार नाहीत. हार-तुऱ्यांच्या पैशातनं एक पानी कागद छापा, मोठं अक्षर, आमची बोली, मागच्या बाजूला कन्नड, की कुठल्या कामाला कुठं जायचं आणि कुणाला फोन करायचा. आणि बायका येत नाहीत असं पुढच्या वेळी मीटिंगमध्ये म्हणायच्या आधी, मीटिंगमध्ये किती बायका आहेत तेवढं बघा.

भीती एकच सांगते, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की मला कळत नाही. गल्लीत प्रश्न विचारायला लागल्या की बायका फक्त फायनान्सवाल्याबद्दल विचारणार नाहीत. पंचायतीत आमच्या नावावर कुणी काम उचललं, नळ वरच्या आळीला दोन तास आणि आम्हाला वीस मिनिटं का, देवळात आमची पंगत वेगळी का, हे पण विचारतील. त्यातले काही प्रश्न समोर बसलेल्या आपल्याच माणसांना लागतील, कदाचित वर्गणी देणाऱ्यांनाही. आमच्या अंगणात एकीनं विचारलाच, तिसरा. दोन घरं त्यानंतर माझ्याशी बोलत नाहीत. तरी मला वाटतं ते विचारू द्यावेत. कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे आणि धारवाडात कन्नड संशोधक कलबुर्गी सर, एकाच वर्षात, २०१५ मध्ये गोळ्या घालून मारले, आणि दोघंही माणसांत जाऊन बोलणारे होते. आपल्या दोन्ही बाजूंना तासा-दोन तासांच्या अंतरावर ही शहरं आहेत. आपण मधे राहतो. दोन घरांचा अबोला मी सोसू शकते.

येत्या १० डिसेंबरसाठी आमचं अंगण मोकळं आहे. साडेआठ वाजता, म्हशीचं दूध घालून झाल्यावर. वकील बाईंना मी विचारलंय, त्या येतो म्हणाल्यात, दुपारी तहसीलला तारीख नसली तर लवकर पण येतील. ताडपत्री, लाईट आणि चहाचं मी बघते. तुम्ही फक्त या, आणि येताना तुमचे वक्ते घेऊन या. त्यांना सांगा की समोर मावशी बसलेली असेल, तिला जनावरांचं बघायला पहाटे साडेचारला उठायचं असतं, त्यामुळं दहाच्या आत तिचा प्रश्न घ्यायचाय.

तुमचीच,
झेरॉक्सवाली बाई
बेळगाव तालुका